तंबूतला मुक्काम आणि सामानाची राखण

मे संपता संपता भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे बघायला गर्दी होते. अंधार पडला की लोक तंबू सोडून झाडांकडे निघतात. काजव्यांना त्रास होऊ नये म्हणून टॉर्च बंद ठेवायच्या असतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे तास-दोन तास सगळा तळ अंधारात उघडा पडतो. हरिश्चंद्रगडावर सूर्यास्ताच्या वेळी हेच होतं. सगळे कोकणकड्यावर आणि तंबूंत सॅक, कॅमेऱ्याच्या बॅगा, चार्जिंगला लावलेले मोबाईल.

मुक्कामी जागेवर कुलूप तोडून चोरी होण्याचा प्रकार विरळा. जातं ते सुटं पडलेलं, बाहेरून दिसणारं आणि पाच-दहा मिनिटं कोणाचंच लक्ष नसलेलं सामान. म्हणून महागड्या कुलपांमागे लागण्याआधी आपलं लक्ष कोणत्या वेळी उडतं ते ओळखायचं. गाडीतून उतरताना, तंबू उभा करताना, शेकोटीभोवती बसल्यावर, पहाटेच्या गाढ झोपेत आणि सकाळी आवराआवर करताना. पाच वेळा. खालची सगळी तयारी या पाच वेळा सांभाळण्यासाठीच आहे.

घरून निघताना: नग कमी करा

माणशी दोनच नग ठेवा: पाठीवरची एक सॅक आणि कमरेचा एक पाऊच. हातात तिसरी कापडी पिशवी, मॅटची वेगळी गुंडाळी, गळ्यात कॅमेरा असं करत गेलं की सहा जणांचे वीस-बावीस नग होतात आणि ते कोणीच मोजत नाही. दोनच ठेवले तर सहा जणांचे बारा. लोकलमधून कसाऱ्याला उतरल्यावर, जीपच्या टपावरून सामान खाली घेतल्यावर, एसटीतून पाय खाली ठेवण्याआधी एकाने मोठ्याने बारा मोजायचे. मोजणारा माणूस ठरलेला असू द्या. "कोणीतरी बघेल" म्हटलं की कोणी बघत नाही.

कमरेच्या पाऊचमध्ये मोबाईल, गाडीची किल्ली, निम्मे पैसे आणि एक कार्ड. हा पाऊच झोपेपर्यंत अंगावरून उतरत नाही, शौचाला जातानाही नाही. उरलेले निम्मे पैसे सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत. गडावर रेंज नसली की यूपीआय चालत नाही, म्हणून दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटा जवळ लागतातच. चहाच्या टपरीवर पाचशेची नोट काढताना सगळं पाकीट उघडावं लागतं. ती वेळ येऊ देऊ नका. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असतील तर मूळ कागद घरीच राहू द्या.

निघायच्या आदल्या रात्री ही कामं उरका. अर्धा तास पुरतो.

१. सगळं सामान एका चादरीवर मांडून फोटो काढा. कॅमेऱ्याच्या तळाचा अनुक्रमांक वाचता येईल असा दुसरा फोटो घ्या.

२. मोबाईलवर *#06# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन आकडे असतात, दोन्ही टिपून घ्या. खरेदीच्या बिलाचा फोटो आणि हे आकडे घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. ते त्याच फोनमध्ये ठेवले तर फोनबरोबरच जातील.

३. अँड्रॉइडवर "फाइंड हब", आयफोनवर "फाइंड माय" चालू आहे का ते बघा. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनवर चोरी ओळखून पडदा आपोआप बंद करण्याची सोय आलेली आहे आणि आयओएस १७.३ पासून आयफोनवरही चोरीपासून संरक्षणाची वेगळी सोय आहे. दोन्ही सेटिंगमध्ये जाऊन चालू केलेल्या बऱ्या. लॉक असलेल्या पडद्यावर ओटीपीचे संदेश दिसणार नाहीत असं करा. यूपीआयचा पिन आणि पडद्याचा पिन एकच ठेवू नका.

४. प्रत्येक वस्तूवर रंगीत इन्सुलेशन टेप गुंडाळा: हेडटॉर्च, काठी, मॅट, सॅकची वरची मूठ, पॉवर बँक. सगळ्या ग्रुपचा रंग एक ठेवा. कोणाकडेच नसेल असा रंग शोधायची गरज नाही, लांबून ओळखू आला म्हणजे झालं. सॅकच्या आतल्या कापडावर पक्क्या मार्करने मोबाईल नंबर लिहा, पण तो घरातल्या दुसऱ्या कोणाचा.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती करून बघा. गुहेत किंवा देवळाच्या ओवरीत तीन-चार ग्रुप एकत्र झोपतात तेव्हा सगळ्यांकडे त्याच दुकानातल्या त्याच निळ्या-काळ्या सॅक असतात. पहाटे चारच्या अंधारात दुसऱ्याची मॅट उचलली जाते, कोणाची टॉर्च कोणाकडे जाते. "चोरी झाली" म्हणून जे सांगितलं जातं त्यात अदलाबदल आणि विसर यांचा वाटा असतोच. टेप असली की तो वाटा तिथेच मिटतो.

सोबत घ्यायचं: दीड मीटर लांबीची, चार मिलिमीटर जाडीची, आकडे जुळवून उघडणाऱ्या कुलपाची केबल (दोन जणांत एक), माणशी दोन कॅराबिनर (सामान अडकवायच्या स्प्रिंगच्या कड्या), पाच मीटर बारीक नायलॉन दोरी, पाणी न शिरणारी एक पिशवी, दोन-तीन घुंगरं. घुंगरांचा उपयोग पुढे येईल. केबलच्या कुलपाचा कारखान्यातला आकडा सहसा ०००० असतो. तो घरीच बदला, नाहीतर कुलूप असून नसल्यासारखं.

पायथ्याची गाडी

गाडीत डोकावणाऱ्याला काही दिसता कामा नये, आणि डिकीत काय ठेवलं हेही कोणाला कळता कामा नये. पायथ्याला गाडी लावून, डिकी उघडून, लॅपटॉपची बॅग सर्वांसमोर आत सारणं ही सर्रास होणारी चूक. हे काम आधीच्या चहाच्या थांब्यावर, मुक्कामापासून दहा-वीस किलोमीटर अलीकडे करा. पायथ्याला पोचल्यावर डिकीतून फक्त सॅक निघते, आत काही जात नाही. मोबाईलचा स्टँड आणि चार्जिंगची वायरही काढा. वायर दिसली की आत फोन असेल असं वाटतं, आणि तेवढ्यासाठी काच फुटते.

गाडी रस्त्याकडेला सोडू नका. बारी, पाचनई, रतनवाडी, उधेवाडी या पायथ्याच्या गावांत घरासमोर गाडी लावू देतात आणि त्याचे थोडे पैसे घेतात. ते आनंदाने द्या. घरधन्याला आपलं नाव सांगा, किती जण आहोत, उद्या किती वाजेपर्यंत उतरू ते सांगा आणि त्यांचा मोबाईल नंबर घ्या. कळसूबाईला रात्री चढणाऱ्यांनी नको असलेलं सामान बारीतल्या घरात ठेवलं तरी चालतं, मात्र सॅक बांधून, नग मोजून, त्यांच्या डोळ्यांदेखत ठेवा. ही माणसं मुक्कामाच्या पाहुण्यांवर घर चालवतात. गावाचं नाव खराब होऊ नये ही काळजी त्यांना आपल्याइतकीच असते. गावकऱ्यांकडे संशयाने बघणाऱ्या ग्रुपकडे रात्री लक्ष कोण ठेवणार?

दुचाकीवाल्यांसाठी तीन गोष्टी. हेल्मेट पट्ट्याने अडकवू नका, पट्टा ब्लेडने तुटतो. काचेच्या उघड्या भागातून आणि हनुवटीच्या कमानीतून केबल ओवा आणि ती फ्रेमला बांधा. दुसरं, हँडल लॉकबरोबर पुढच्या ब्रेकच्या चकतीला डिस्क लॉक लावा आणि कुलपापासून थ्रॉटलपर्यंत भडक रंगाची दोरी बांधा. सकाळी घाईत कुलूप विसरून गाडी पुढे काढली की ब्रेकचा कॅलिपर मोडतो आणि आपण पडतो, हे चोरीपेक्षा महाग जातं. तिसरं, सीटवरच्या बांधलेल्या पिशव्या एका रात्रीसाठीही ठेवू नका.

चारचाकीची दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाच्या पाऊचमध्ये. टायरवर किंवा बंपरखाली किल्ली लपवू नका, शोधणारा आधी तिथेच हात घालतो.

जागा आणि तंबू

मुक्कामाला परवानगी आहे का ते पायथ्यालाच विचारून घ्या. अभयारण्यात आणि संरक्षित किल्ल्यांवर नियम वेगळे असतात, आणि चोरून थांबलेल्याला तक्रार करणंही अवघड जातं.

पायवाटेला चिकटून तंबू लावू नका. तीस-चाळीस पावलं आत या. म्हणजे जाणारा-येणारा वाटेवरून जातो, आणि तंबूकडे येणारा मुद्दाम येतो हे लगेच कळतं. तीन तंबू असतील तर घोड्याच्या नालेसारखे लावा, दारं आतल्या बाजूला, मध्ये दोन-तीन मीटर मोकळं. पाठी बाहेर राहतात, दारं एकमेकांना दिसतात. चूल नालेच्या तोंडाशी, तंबूंपासून किमान तीन मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

सामान जायची खरी वेळ तंबू उभारतानाची. सगळे वाकलेले, कोणी खांब जोडतंय, कोणी खुंट्या ठोकतंय, सॅक चारी दिशांना पडलेल्या. म्हणून एक तंबू सगळ्यांनी मिळून पूर्ण उभारा. सगळ्या सॅक त्यात टाका, चेन लावा, मग बाकीचे उभारा. तंबू एकच असेल तर खालची ताडपत्री पसरून सॅक तिच्यावर ठेवा आणि एकाने त्यांना पाठ टेकून बसावं. त्याने दुसरं कामच करायचं नाही.

पवना धरणाच्या काठावर आयते तंबू मिळतात तिथे वेगळा धोका आहे: शेडमधला चार्जिंगचा बोर्ड. एका पट्टीवर पंधरा फोन, सगळ्यांचे चार्जर सारखे. पॉवर बँक घरून भरून न्या. वीस हजार एमएएचच्या बँकेतून प्रत्यक्षात साठ-पासष्ट टक्के वीज फोनपर्यंत पोचते, म्हणजे पाच हजारांचा फोन सुमारे अडीच वेळा भरतो. दोघांना एक रात्र पुरते. ओळखपत्राची प्रत मागितली तर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे मास्क्ड प्रत द्या.

रात्रीची मांडणी

तंबूच्या चेनला बाहेरून कुलूप लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. आमचं मत स्पष्ट आहे: लावू नका. कापड ब्लेडने दोन सेकंदांत फाटतं, आणि कुलूप बघून आत मोलाचं काही आहे हे कळतं. वस्तू गेली ती गेलीच, वर तंबूही फाटला. आतून कुलूप लावून झोपणं तर धोक्याचंच. आग लागली, साप शिरला, कोणाला गुदमरलं, तर अंधारात किल्ली शोधत बसाल. त्याऐवजी चेनचे दोन रनर (सरकवायचे तुकडे) आतल्या बाजूने केसांच्या रबराने एकत्र अडकवा आणि त्याला घुंगरू बांधा. आतून झटका दिला की रबर सुटतं, बाहेरून कोणी चेन ओढली की घुंगरू वाजतं. ते ताणलेल्या दोरीला बांधू नका. वाऱ्याने रात्रभर वाजेल आणि दुसऱ्या तासाला कान तिकडे दुर्लक्ष करायला शिकतील.

दोन माणसांच्या तंबूत सामान असं लावा. दोन्ही सॅक डोक्याच्या बाजूला, दोन उशांच्या मध्ये, भिंतीपासून वीतभर आत. एका सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यातून केबल घाला, दुसरीच्या पट्ट्यातून काढा आणि कुलूप करा. आता ते पंचवीस किलोचं एकच गाठोडं झालं, एका हाताने आवाज न करता ओढता येत नाही. केबल मनगटाला किंवा गळ्याला बांधू नका. सॅकचे बाहेरचे कप्पे रिकामे, किंवा त्यांत फक्त कपडे.

सॅकच्या चेनला छोटं कुलूप लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. प्लॅस्टिकच्या गुंडाळीची चेन बॉलपेनचं टोक दाबून मधूनच उघडते, आणि नंतर तोच कुलूपबंद रनर पुढे-मागे सरकवला की पुन्हा जुळतेही. सकाळी सगळं जागच्या जागी दिसतं आणि आतली वस्तू नसते. म्हणून मौल्यवान वस्तू चेनपासून लांब, सॅकच्या तळाशी, मळक्या मोज्यात.

फोन आणि पाऊच स्लीपिंग बॅगेच्या आत, पोटाशी किंवा गुडघ्यांजवळ. तंबूच्या भिंतीवरच्या जाळीच्या खिशात चष्मा आणि टॉर्च, बाकी काही नाही. तो खिसा कापडाला लागून असतो, आतला उजेड बंद होण्याआधी त्यात काय आहे ते बाहेरून सावलीत दिसतं.

बूट तंबूच्या दाराबाहेरच्या ओसरीत ठेवू नका. माणसापेक्षा गावातली कुत्री ते नेतात, आणि एकच नेतात. पिशवीत घालून आत, पायांशी घ्या. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडी धुऊन आत. स्टोव्हचा कॉक दोनदा तपासा आणि गॅसचा डबा स्टोव्हपासून सोडवून ठेवा.

शेकोटीभोवती सगळे बसले असताना तंबू पाठीमागे असतात आणि जाळाकडे बघून डोळ्यांना अंधारातलं काही दिसत नाही. एकाने जाळाकडे पाठ करून, तंबूंकडे तोंड करून बसावं, अर्ध्या तासाने बदलावं. आठ जण असतील आणि जागा उघडी असेल, गाड्या जवळ असतील, तर रात्री अकरा ते पहाटे पाच दोन-दोन जणांच्या दीड तासाच्या चार पाळ्या बसतात. सहा जणांत एकेकाने एक तास. रविवारी गाडी चालवणार असलेल्याला पहिली पाळी द्या, म्हणजे त्याची झोप मोडत नाही.

बाहेर कोणी वावरतंय असं वाटलं तर आतूनच मोठ्याने बोला, नावं घेऊन हाका मारा, सगळ्या टॉर्च लावा. पळणाऱ्याच्या मागे धावू नका. कड्याच्या माथ्यावर अंधारात चार पावलं चुकली तर काय होईल हे सांगायला नको. फोन नवा घेता येतो.

काजवे, सूर्यास्त, सूर्योदय यांसाठी तळ सोडायचा तर दोन तुकड्या करा. सूर्यास्त पंधरा मिनिटं चांगला दिसतो, अर्धे आधी, अर्धे नंतर जातील. अगदीच सगळ्यांना जायचं असेल तर सॅक केबलने बांधून जवळच्या झोपडी-हॉटेलात, जिथे जेवण सांगितलंय तिथे, मोजून ठेवा.

माकडं आणि वानरं

हरिहर गडाच्या पायऱ्यांवर आणि बऱ्याच गडांवर दिवसा खरा धोका माकडांचा. त्यांना पिशवीचा आवाज कळतो. पातळ प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली की ती येतात. खाणं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा सॅकच्या मध्यभागी. बाजूच्या खिशात रंगीत सरबताची बाटली नको. तंबूत बिस्किटाचा पुडा ठेवून गेलात तर माकड चेन शोधत बसत नाही, जाळी फाडून आत शिरतं. पिशवी त्याच्या हातात गेली तर ओढाताण करू नका, दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. चाव्यावर रेबीजची लस घ्यावी लागते, त्यापुढे पिशवी काहीच नाही. आणि खायला तर अजिबात घालू नका. आज दिलेल्या केळ्याची किंमत उद्या येणारे मोजतात.

समुद्रकिनाऱ्यावर

नागाव, काशीद, दिवेआगर इथे चोरी होते ती सगळे पाण्यात असताना. पाळीने पोहा, दुसरा उपाय नाही. वाळूत पुरून ठेवलेला फोन सापडत नाही आणि सापडला तर चार्जिंगच्या छिद्रात वाळू. गाडीची किल्ली पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून अंगावरच ठेवा. हल्लीच्या रिमोट किल्लीला खारं पाणी लागलं तर ती गेलीच.

समुद्रही सामान नेतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती इतर दिवसांपेक्षा बरीच वर येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल कोरड्या असलेल्या जागेवर आज विसंबू नका. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची सगळ्यात वरची रेघ बघा, तिच्याही वर तंबू.

गेलंच तर

पहिली दहा मिनिटं शोधण्याची. नग मोजा, स्लीपिंग बॅग झटका, फोनवर रिंग द्या. शेजारच्या ग्रुपला "आमची निळी टेप लावलेली सॅक चुकून तुमच्याकडे आली का?" असं विचारा. दुसऱ्याच्या पिशव्या तपासायचा आपल्याला अधिकार नाही, आणि आरोप केला की मदत थांबते.

मग या क्रमाने:

दुसऱ्याच्या फोनवरून फाइंड हब किंवा फाइंड माय उघडून आपला फोन लॉक करा. सगळा डेटा पुसायची घाई नको, पुसल्यावर माग लागणं अवघड होतं. ठिकाण दिसलं तरी स्वतः तिथे जाऊ नका, ते पोलिसांना द्या.

सिम कंपनीला सांगून बंद करा. बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पोलिसांसाठी ११२. हद्द कोणती यावरून परत पाठवलं तर "झिरो एफआयआर" मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. आणखी एक महत्त्वाचं: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहण्यासाठी वापरलेल्या घराबरोबर तंबूचाही उल्लेख आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तंबूतून वस्तू गेली असेल तर तक्रारीत "आम्ही मुक्कामाला असलेल्या तंबूतून" हे शब्द येऊ द्या. "वस्तू हरवली" असा दाखला घेऊन परतू नका. हरवल्याची नोंद आणि चोरीची तक्रार वेगळी असते आणि विम्याला चोरीच लागते. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं.

फोनसाठी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर (फोनच्या आयएमईआयची केंद्रीय नोंदवही) विभागात आयएमईआय बंद करण्याचा अर्ज करा. पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो, म्हणून आधी त्याच नंबरचं नवीन सिम काढा. नव्या सिमवर एसएमएस यायला एक दिवस लागू शकतो. अर्जानंतर मिळणारा क्रमांक जपून ठेवा. फोन परत मिळाला की त्याच क्रमांकावरून आयएमईआय पुन्हा चालू करून घ्यावा लागतो.

आणि ज्या घरात गाडी लावली होती त्यांना काय, कुठून आणि किती वाजता गेलं ते सांगून निघा. त्याच रात्री अजून कोणाचं काही गेलं असेल तर त्यांच्या कानावर आलेलं असतं, आणि झुडपात टाकून दिलेली रिकामी सॅक किंवा पाकीट सापडलं तर फोन करायला त्यांच्याकडे तुमचा नंबर हवा.